पाच मिनिटे पुढे

मी एक जुने घड्याळ आहे, आणि मित्रांनो, आज मला इतका आनंद झाला आहे की टोल मोजून द्यायचेही सुचत नाही!

या लहानशा गावच्या स्टेशनात, तिकीटखिडकीच्या वर, मी टांगलेले आहे. पूर्वी लोक धापा टाकत यायचे आणि सुटलेल्या गाडीकडे बघत कपाळावर हात मारून घ्यायचे. म्हणून पहिल्या स्टेशनमास्तरांनी मला पाच मिनिटे पुढे लावले. पण गाव कसले वस्ताद! आठवड्यात सगळ्यांना ते कळले आणि सगळे पुन्हा पाच मिनिटे उशिरा येऊ लागले. तरी पुढच्या प्रत्येक मास्तरांनी ती रीत पाळली.

दरवर्षी घड्याळजी मला तेल द्यायला येत आणि पेटीच्या दाराच्या आत पेन्सिलने तारीख लिहीत. मग त्यांचा मुलगा येऊ लागला, मग नातू. आता पणती येते. तिला सगळे घड्याळवाली ताई म्हणतात. गाव मला थापाडे म्हणे, पण माझ्या पोटातली एकही तारीख खोटी नव्हती.

अलीकडे स्टेशन पाडून नवे बांधायचे ठरले. शंभर वर्षांची इमारत राखायची असा नियम होता, पण आमचे कागद वाळवीने फस्त केलेले. आज तपासणीला आलेल्या अधिकारीबाईंनी दिवसभर कपाटे उपसली.

"पुरावाच नाही, मी तरी काय करू?" त्या म्हणाल्या. निदान मी तरी वाचावे म्हणून ताई मला उतरवायला स्टुलावर चढली.

तेवढ्यात अधिकारीबाई बॅग सावरत बाहेर धावल्या. "अगं बाई, चार दहा! गेली वाटतं माझी गाडी!"

"बसा निवांत," मास्तर म्हणाले. "ते पाच मिनिटं पुढे आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग नीट का नाही लावत?"

"नीट लावलं तर गावाची गाडी चुकेल!"

बाई वैतागून बाकावर बसल्या. समोर ताईने माझे दार उघडले.

"आत काय लिहिलंय हो ते?"

"तेल दिल्याच्या तारखा. सगळ्यात वरचं अक्षर पणजोबांचं."

बाई स्वतः स्टुलावर चढल्या. रुमालाने धूळ पुसून त्यांनी मोठ्याने वाचले, "आज घड्याळ बसवले. भिंतीचा चुना अजून ओला आहे." पुढे तारीख होती, एकशे चार वर्षांपूर्वीची! खाली पहिल्या मास्तरांची सही.

"भिंत ओली होती! अहो, हाच तर पुरावा!" बाई ओरडल्या. मास्तरांनी हिरवा झेंडा माझ्यासमोरच फडकवला. गाडी आली आणि गेली, पण बाई दाराचे फोटो काढत राहिल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिचे दार एकदा उघडून बघा. माझ्या दारात ताईने आत्ताच आजची तारीख लिहिली आहे.

"आता तरी वेळ बरोबर लावा," बाई हसत म्हणाल्या.

"छे!" मास्तर आणि ताई एकदमच म्हणाले, आणि मी पाच मिनिटे आधीच पाचचे टोल दिले.