तळघरातलं हसू

आमचे हे आणि धाकटे भावजी एकाच टेबलावर बसून पुस्तकं बांधतात, पण कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर दोघांनाही धड आठवत नाही. "वहिनी, त्याला सांगा, खळ पातळ झालीय," असं भावजी म्हणणार, आणि 'तो' हातभर अंतरावर बसलेला. मी म्हणजे त्या दोघांमधली टपालपेटी. शेवटी घराच्या वाटण्या करायचं ठरलं. बाइंडिंगचं तळघर कुणाला, यावर घोडं अडलं होतं, एवढाच काय तो उशीर. मला मात्र हे घर मोडायला नको होतं. जाऊ माझी मैत्रीण आहे, तिच्याशिवाय स्वयंपाकघरात मला करमत नाही.

तेवढ्यात मागच्या माळावर वायू काढणारी कंपनी आली. जमिनीत खोलवर भोक पाडायचं, पाणी, वाळू आणि कसली कसली रसायनं जोराने आत घुसवून खडक फोडायचा, की वायू सुटतो म्हणे. आमच्या भिंतींना चिरा पडल्या, शेजारणीच्या मुलांचा खोकला हटेना, आणि आमच्या तळघरातल्या जुन्या विहिरीचं पाणी बुडबुडायला लागलं. आम्ही विहिरीवर फळ्या टाकल्या, कंपनीला शिव्या घातल्या आणि कामाला लागलो.

आणि मग एका दुपारी खालून हसण्याचा आवाज आला.

मी आणि जाऊ धावत जिना उतरलो, तर दोघं भाऊ पोट धरून हसत होते. यांनी पुस्तकाला पुठ्ठा उलटा चिकटवला होता, एवढंच. एरवी त्यावरून आठवडाभर धुसफूस चालली असती. भावजी म्हणाले, "दादा, आता वाचणाऱ्याने डोक्यावर उभं राहायचं." ते ऐकून आम्हीही हसत सुटलो. डोकं कसं हलकं हलकं झालं होतं.

वर जेवायला बसलं की पुन्हा दोघांची तोंडं फुगलेली. खाली गेले की पुन्हा गुळपीठ. जाऊ म्हणाली, "ताई, जागेचा गुण असतो." मलाही पटलं. मग आम्ही दोघींनी काय शहाणपणा करावा? जेवणाचं टेबलच तळघरात नेलं. वाऱ्याने ताटं गार होऊ नयेत म्हणून झरोक्यात कापड कोंबलं. काय ती जेवणं झाली! मीठ जास्त पडलं तरी हशा, विसरलं तरी हशा. भावजींना जिना दोन दोन दिसायचा, जाऊ एकदा पायरीवर धपकन बसली, माझं कपाळ रात्रभर ठणकायचं. पण वाटणीचं नाव कुणी काढत नव्हतं, म्हणून मी आपली बाम चोळून खूश.

यांच्या साठाव्या वाढदिवसाला जाऊने केक केला. मेणबत्त्या खोचल्या आणि बघते तर काडेपेटी वरच राहिलेली. हसत हसत मी वर आले. ओट्यावरून काडेपेटी उचलली, तोच दाराशी अग्निशमन दलातली एक बाई उभी. तिच्या हातातलं यंत्र केकाटत होतं.

"तळघर आहे का? गल्लीभर वायू शिरलाय. खाली कुणी असेल तर आधी बाहेर काढा. काडी ओढू नका, बटण दाबू नका."

माझं हसू जागच्या जागी आटलं. मुठीतली काडेपेटी मी विंचू झटकावा तशी दाराबाहेर फेकली. बाई मास्क चढवेपर्यंत मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "वर या, खाली वायू भरलाय."

खालून गडगडाट झाला. "दादा, तुझाच असेल," भावजी म्हणाले, आणि तिघंही टेबल बडवायला लागले.

आता काय सांगितलं म्हणजे हे उठतील? मला एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती बोलायला जीभ रेटेना. इतक्या वर्षांनी जुळलेलं मीच मोडायचं? काळजावर दगड ठेवून ओरडले, "वकील आलाय. जो आधी वर येईल त्याच्या नावावर तळघर लावतोय."

हसू बंद. खुर्च्या आपटल्या. "आधी मी." "थोरला मी आहे." एकमेकांचे शर्ट ओढत, धापा टाकत दोघं वर आले, आणि मागोमाग भिंत धरून जाऊ. बाईने आम्हा चौघांना रस्त्यापलीकडे पिटाळलं.

फुटपाथवर मोकळ्या हवेत दोघं बसले ते मध्ये दोन माणसांची जागा सोडून. वकीलबिकील नव्हता हे त्यांना कळलं, आणि इतके दिवस आपण कशाने हसत होतो तेही कळलं. मला रडू कोसळलं. जीव वाचले म्हणून रडत होते की घर गेलं म्हणून, माझं मलाच समजेना.

मग हे म्हणाले, "डोकं दुखतंय का रे?"

"फुटतंय. तुझं?"

"माझंही."

हसलं कुणी नाही.

तेवढ्यात कंपनीचा साहेब आला, कडक इस्त्रीचा. म्हणाला, "हा वायू आमचा नाही. तुमची विहीरच जुनी. आमचं काम कितीतरी खोल चालतं." दोघं भाऊ एकदम उठले आणि एकदमच बोलायला लागले. एकाचं दुसऱ्याला ऐकू येईना. मग दोघंही थांबले आणि एकमेकांकडे रोखून बघायला लागले. मी मध्ये पडायला उठले.

"बोल, तू सुरू कर," हे म्हणाले. "दमलास की मी आहे."