वेळेआधी गाडी सोडायची नाही

रूथ एन्टविसल पंतप्रधान झाली त्या दिवशी हार्कवेल गावात तिला ओळखत नाही असा एकही माणूस उरला नव्हता. जो तो तिच्या घरचाच. कोणी तिच्या बापाच्या दुकानातून मटण घेतलेलं, कोणी तिला शाळेच्या नाटकात मेंढी झालेली पाहिलेलं. डोरीन पिकपने बाजारातल्या आपल्या चहाच्या दुकानात खिडकीजवळच्या खुर्चीला पाटीच लावली, 'पंतप्रधान इथे बसतात.' आणि विल्फ ऑग्डनने तर गावाचे कान किटवले. एकतीस वर्षं त्याने चौदा नंबरची बस चालवली होती. ह्या पोरीला पाच वर्षं शाळेत मीच नेलंय, आणि बसमध्ये चिप्स खाल्ल्या म्हणून एकदा चर्चच्या स्टॉपला उतरवलंयसुद्धा, हे तो भेटेल त्याला सांगत सुटला.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. सात महिन्यांत रूथचे तीन मंत्री राजीनामे देऊन गेले. सोमवारी घेतलेला निर्णय गुरुवारी मागे. वर्तमानपत्रांत रोज तिचं व्यंगचित्र, भोकं पडलेल्या बादलीने होडीतलं पाणी उपसणारी बाई. डोरीनने पाटी काढली आणि ती खुर्ची संडासाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवली. चिप्सची गोष्ट कोणी काढली तर विल्फ म्हणायचा, "बसमध्ये शेकड्यांनी कार्टी असायची. कुठली कोण, मला काय ठाऊक."

पण विल्फचा राग नुसता बाजारातला राग नव्हता. त्याची बायको मेव्हिस दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने आडवी झाली, तेव्हापासून टेकडीवरच्या थॉर्नली शुश्रूषागृहात होती. सकाळचं आणि दुपारचं ती नर्सच्या हातून खायची. दुपारी चारला मात्र तोंड मिटून बसायची. नोकरीत असताना विल्फची पाळी साडेतीनला संपायची आणि चारला तो घरी चहाला यायचा. ती एकतीस वर्षं त्याच्यासाठी थांबली होती, आताही थांबायची. तो गेला, शेजारी बसला, चमचा पुढे केला की खायची. थॉर्नलीला जाणारी एकच बस, चौदा नंबर. कमी गर्दीच्या मार्गांचे पैसे सरकारने बंद केले होते आणि शनिवारी ती शेवटची धावणार होती. साडेतीन मैलांचा चढ होता आणि विल्फ एकोणऐंशी वर्षांचा होता.

पंतप्रधान झाली तरी रूथ हार्कवेलची खासदारच होती, आणि महिन्यातून एका शुक्रवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये तिला गावकऱ्यांना भेटावं लागे. ह्या भेटीला तिकडे 'दवाखाना' म्हणतात. आपलं दुखणं सांगायचं. औषध मिळेलच असं नाही. विल्फने चिठ्ठी टाकली आणि त्याला अकरा वाजून चाळीस मिनिटांची वेळ मिळाली.

"नुसती बस बस करू नकोस तिथे," डोरीनने त्याला बजावलं. "माझं पण सांग. विजेचं बिल बघून मी केटली भरायला घाबरते म्हणावं."

"बरं."

"आणि तिला सॉरी म्हणायला लाव. आपल्या हयातीत एकातरी पंतप्रधानाने सॉरी म्हटलंय का? बायको-पोरांनासुद्धा म्हणत नसतील मेले."

"तिने सॉरी म्हटल्याशिवाय मी त्या हॉलमधून बाहेर येणार नाही," विल्फ म्हणाला, आणि दुकानातल्या सगळ्यांनी टेबलं वाजवली. मग जो तो येऊन आपापलं गाऱ्हाणं सांगू लागला आणि विल्फने ती सगळी बसच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर लिहून घेतली.

शुक्रवारी सकाळी नऊला अर्थमंत्र्याने राजीनामा दिला. म्हणजे चौथा गेला. आता कसली येतेय ही, असं सगळे म्हणाले, तरी रांग काही मोडली नाही. येणार नाही म्हणणारे लोकच छत्र्या घेऊन रांगेत उभे होते. रूथच्या गावातल्या ऑफिसचं काम बघणारी नसरीन मिर्झा हातात यादी घेऊन फिरत होती.

"येणार आहे का तुझी बाई, की आम्ही नुसतं भिजायचं?" विल्फने विचारलं.

"अकराला येते म्हणाल्यात, विल्फ. चहा घ्या आत येऊन."

आणि रूथ अकराला आली. मागे पोलिसांच्या गाड्या, पत्रकारांचा लोंढा, आणि दोन्ही हातांत दोन फोन धरलेला तिचा एक सहाय्यक. ती कोणाशी न बोलता आत गेली. चेहरा असा ओढलेला होता की शिव्या द्यायला जमलेल्या लोकांनीही बाजूला सरून वाट दिली.

विल्फचा नंबर लागला. त्याने पहिलं वाक्य पाठ केलं होतं, 'पंतप्रधानबाई, मला तुमचा दहा मिनिटांचा वेळ नको, मला एक शब्द हवाय.' तो आत शिरला. रूथ स्वागताला घाईने उठली, तिची लाकडी खुर्ची मागे सरकली आणि खुर्चीचा पाय बरोबर विल्फच्या अंगठ्यावर आला.

"सॉरी," विल्फ म्हणाला.

त्या देशातल्या माणसांची ही खोडच आहे. तुम्ही त्यांच्या पायावर पाय द्या, माफी ते मागणार. शब्द तोंडातून गेला आणि विल्फला स्वतःच्या कानफटात मारावंसं वाटलं. रूथ हसायला लागली, आणि हसता हसता खाली बसली.

"खुर्ची माझी, अंगठा तुमचा, आणि सॉरी तुम्ही म्हणालात, मिस्टर ऑग्डन," ती म्हणाली. "सात महिन्यांत माझ्याशी इतकं चांगलं कोणी वागलेलं नाही."

"चुकून आलं तोंडातून. परत देतेस का?"

पाठ केलेलं वाक्य गेलं ते गेलंच. 'पंतप्रधानबाई' गेलं, 'तुम्ही' गेलं. समोर गणवेशातली ती पोरगी दिसायला लागली आणि विल्फ सरळ बोलू लागला. मेव्हिस, चार वाजता, चमचा, चढ. दोन मिनिटांत संपलं. आता ही सांगेल की आधीच्या सरकारने तिजोरी रिकामी केली, आता सांगेल की समिती नेमलीय, म्हणून तो थांबला.

"ती सही माझी आहे," रूथ म्हणाली. "कागदावर 'कमी वापराचे मार्ग' असं लिहिलं होतं, आणि खाली एक आकडा. त्या गाड्यांत कोण बसतं हे मी विचारायला हवं होतं. शाळेत मी स्वतः त्याच गाडीने जायचे. तरी नाही विचारलं."

दार वाजलं. सहाय्यकाने डोकं आत घातलं. "लंडनहून फोन आहे. आत्ताच निघावं लागेल. पक्षातले लोक जमलेत, ते म्हणतायत की..."

"मिस्टर ऑग्डनची सहा मिनिटं राहिलीत," रूथ म्हणाली. दार बंद झालं.

हे मात्र विल्फला भिडलं, अगदी आत कुठेतरी भिडलं. बसवाल्यांचा एक धर्म असतो. गाडीला उशीर झाला तर ती चूक असते, पण गाडी वेळेआधी सोडली तर ते पाप असतं. उशिराच्या गाडीला लोक शिव्या देतात, पण चढतात. वेळेआधी सुटलेली गाडी वेळापत्रकावर विश्वास ठेवून धावत आलेल्या माणसाला रस्त्यावर टाकून जाते. एकतीस वर्षांत विल्फने एकदाही ते केलं नव्हतं.

"मिस्टर ऑग्डन, मला खरंच..." रूथने सुरुवात केली.

त्याने हात वर केला. "थांब. ते इथे नको म्हणूस. दार बंद करून एका म्हाताऱ्याला सॉरी म्हणणं सोपं असतं, पोरी. जिथे म्हटलं की लोक दात काढतील तिथे म्हण."

"गाडी परत आणते असं वचन मी देऊ शकत नाही," रूथ म्हणाली. "सोमवारी मी त्या खुर्चीत असेन की नाही हेही सांगू शकत नाही."

"वचन मागितलंय कोणी?"

उरलेली मिनिटं तिने वेळापत्रकाची पाठ वाचण्यात घालवली. बाजारातल्या कुत्र्यांच्या घाणीचं गाऱ्हाणं नगरपालिकेचं आहे, हे तिने गंभीरपणे सांगितलं. डोरीनच्या केटलीशी मात्र थांबली आणि ती ओळ तिने पुन्हा वाचली. बरोबर दहा मिनिटं झाल्यावर, म्हणजे अकरा-पन्नासला, ती उठली आणि तिने खुर्ची जपून मागे घेतली.

बाहेर माईक तयारच होते. "सॉरी म्हणाल्या का?" एका पत्रकार बाईने विचारलं. मागे डोरीन मान उंच करून उभी होती.

"एकदा सॉरी झालं आत," विल्फ म्हणाला. "ते मी म्हणालो."

डोरीनने कपाळावर हात मारला.

"त्यांनी राजीनामा द्यावा असं वाटतं का तुम्हाला?"

विल्फने टोपी नीट केली. "मी बस चालवायचो. गाडी उशिरा आली की लोक शिव्या देतात, आणि द्याव्यातच. पण वेळेआधी सोडायची नाही. आज तिने नाही सोडली."

संध्याकाळी बाजारात त्याची यथेच्छ टवाळी झाली. सिंह म्हणून गेला आणि मांजर होऊन आला, असं डोरीन म्हणाली. शनिवारी शेवटची बस गेली. रविवारी विल्फ चढ चढून गेला, सोमवारी गेला, मंगळवारी भर पावसात गेला. डोरीन त्या दिवशी दुकान बंद करून तिच्या मोडक्या व्हॅनने त्याला आणायला आली आणि वाटभर त्याला शिव्या देत राहिली.

बुधवारी बाराला संसदेत पंतप्रधानांना प्रश्न विचारतात. त्या दिवशी विल्फ सकाळीच निघाला आणि बारा वाजता मेव्हिसचा हात हातात घेऊन शुश्रूषागृहातल्या टीव्हीसमोर बसला. विरोधी बाकावरून कोणीतरी विचारलं की रोज मंत्री बदलणाऱ्या बाईंचं कालचं कोणतं धोरण आज शिल्लक आहे. हशा झाला. रूथ उठली.

"बसगाड्यांचे पैसे बंद करणारी सही माझी होती," ती म्हणाली. "त्या गाड्यांत कोण बसतं हे मी विचारलं नाही. चूक माझी आहे. सॉरी."

असा काही गदारोळ झाला की टीव्हीचा आवाज फाटला. समोरचे लोक हसत बाकं बडवत होते. तिच्या मागचे तिचे स्वतःचे लोक बुटांकडे बघत होते. ती उभी राहिली. गोंगाट शमेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "आवाजात कदाचित ऐकू गेलं नसेल. सॉरी." आणि सांगितलं की सगळे पैसे नाहीत, अर्धेच आहेत, तेवढे परत देतेय.

विल्फचे डोळे भरून आले, आणि त्याने ते पुसलेही नाहीत. चहाची गाडी घेऊन आलेल्या नर्सला तो म्हणाला, "ह्या पोरीला पाच वर्षं शाळेत मी नेलंय. एकदा चिप्ससाठी उतरवलंसुद्धा. चूकच झाली माझी."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिला फाडून खाल्लं. दुबळी बाई, नाताळपर्यंतही टिकायची नाही, असं छापून आलं. पण दुपारी विल्फ डोरीनकडे गेला तेव्हा संडासाचं दार वाऱ्याने आपटत होतं आणि खिडकीजवळची खुर्ची जागेवर होती. पाटी नव्हती.

"ती कुठे बसणारेय," डोरीन कपबशा पुसत म्हणाली. "तू बस. पाय दुखत असतील तुझे."

चौदा नंबर तीन आठवड्यांनी परत सुरू झाली. पूर्वीसारखी रोज नाही, फक्त सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. बाकीच्या दिवशी चढ होताच, आणि कधी डोरीनची व्हॅन. पहिल्या सोमवारी बस अकरा मिनिटं उशिरा आली. ड्रायव्हर एक तरुण बाई होती. काच सरकवत ती म्हणाली, "सॉरी हं, आजोबा."

"आलीस ना," विल्फ म्हणाला आणि चढला.

मेव्हिसच्या खोलीत पोचायला सव्वाचार झाले. राइस पुडिंगची वाटी समोर तशीच होती, वर साय धरलेली. मेव्हिस ओठ मिटून दाराकडे बघत बसली होती. विल्फ टोपीसकट शेजारी बसला, चमचा भरला.

"उशीर झाला, मेव्हिस. सॉरी."

मेव्हिस महिन्याकाठी एखादाच शब्द बोलायची. तिने चांगला हात उचलून त्याची टोपी सरळ केली.

"थांबले होते," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.