चालू आहे ते चालू दे

अख्ख्या हॉस्पिटलात त्या बड्या डॉक्टरला ‘थांबा सर’ म्हणत. कुणी तरणा डॉक्टर साध्या तापाला भारी अँटिबायोटिक लिहायला गेला, की हे महाशय मागे हजर. “थांबा! चिलटाला तोफ कशाला?” ऊठसूट मारा केला की जंतू निर्ढावतात आणि खरी वेळ येते तेव्हा एकही औषध लागू पडत नाही, हे सांगून सांगून बिचाऱ्याचा घसा बसला होता.

आणि आता स्वारी स्वतःच्याच वॉर्डात आडवी. जंतू मूत्रपिंडात शिरला, तिथून रक्तात गेला. अंगात हुडहुडी, बोलण्यात ताळतंत्र नाही. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासायला पाठवलं आणि वेळ न दवडता सगळ्यात भारी औषध सुरू केलं. बरोबरच केलं. घर पेटल्यावर काडी कुणी लावली हे कोण विचारत बसतं?

तापात तो कुठे कुठे फिरून आला. लॅबमधली जंतू वाढवायची काचेची बशी एवढी मोठी झाली, की तो तिच्यात चालायलाच लागला. पायाखाली जंतूंची मऊ साय. मधूनमधून स्वच्छ गोल अंगणं. कुठलं औषध लागू पडतं हे बघायला जिथे त्याची टिकली ठेवली होती, तिथे जंतू उगवलाच नव्हता. एका अंगणात ते भारी औषध आडदांड व्याह्यासारखं ऐसपैस बसलेलं. पलीकडे जुनं, साधं औषध, एखाद्या किरकोळ आत्याबाईसारखं. दोन्ही अंगणं सारखीच लख्ख. “ये की इकडे,” आत्याबाई म्हणाली. तो मात्र व्याह्याच्या पाठीमागे लपला.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर दुपारचं ऊन हलत होतं. ताप बराच उतरला होता. बायको कपाळ पुसत होती आणि डॉक्टरीणबाई पलंगाशी उभी होती.

“सर, रिपोर्ट आला. जुनं साधं इंजेक्शन पुरेसं आहे. भारी बंद करते.”

“राहू दे ना,” तो म्हणाला. “चालू आहे ते चालू दे.”

घ्या! हेच वाक्य किती नातेवाइकांनी हात जोडून म्हटलं होतं आणि यानं ते उडवून लावलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पण हसू नका. ज्या दोरीला धरून माणूस विहिरीबाहेर आला, ती अर्ध्यावर सोड म्हणून सांगून बघा.

“गुण येतोय ना?” बायको म्हणाली. “मग उगाच कशाला हात लावायचा?”

डॉक्टरीणबाई बधली नाही. “भारी चालू ठेवलं, तर तुमच्याच पोटातले जंतू ते पचवायला शिकतील. मग पुढच्या वेळी काय देऊ?”

“पुढची वेळ गेली चुलीत! आत्ताच मेलो तर?” तो ओरडला, आणि एकदम त्याचे डोळे भरून आले. “भीती वाटते गं मला.”

सलाईनच्या नळीवरचा तिचा हात थांबला.

“मलाही वाटते, सर. कुणाचंही भारी औषध बंद करताना वाटते. रात्रभर डोळा लागत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर हसला असता.”

हसलाच असता. त्याला ते कळलं आणि फार वाईट वाटलं. कुठलं औषध कधी थांबवायचं हे त्यानं तिला घोटून घोटून शिकवलं होतं, पण थांबवल्यावर तुझं काय होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

“बदल,” तो म्हणाला. “पण जरा बस इथे.”

ती बसली. नवे थेंब पडू लागले, आणि ते बघता बघता तो पुन्हा त्या बशीत उतरला. या वेळी आत्याबाईच्या अंगणात जाऊन बसला. तिथे गार होतं.

सकाळी जाग आली तेव्हा अंग कोरडं होतं आणि पोटात चक्क भूक होती. “ताप नाही हो,” बायको म्हणाली आणि रडायला लागली. खुर्चीत डॉक्टरीणबाई मान कलंडून गाढ झोपली होती.

राउंडची वेळ टळत चालली म्हणून सिस्टर तिला हलवायला आली. त्यानं सिस्टरचा हात अडवला.

“उठवू नका,” तो कुजबुजला. “पोरीला आज झोप लागलीय.”