नाथाजीचा पोरगा परदेशी असतो

आकाराम परदेशी जाणार म्हणून कोरेगावाजवळच्या त्याच्या गावानं हलगी लावून सत्कार केला. वास्तविक जायचं होतं जहाजानं, पण जहाजाला कोणी विचारलं नव्हतं.

ते लढाऊ जहाजही नव्हे. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी आणि बटाटे पोचवायचे, एवढंच त्याचं काम. मुंबईच्या गोदीत ते तयार होत होतं. पंप आला तेव्हा तो बसवणारे दुसऱ्या जहाजावर गेलेले. ते परतले तोवर पंप गंजलेला. सत्त्याहत्तरच्या पाडव्याला निघायचं जहाज अठ्ठ्याहत्तरचा पाडवा झाला तरी धक्क्याला बांधलेलंच. शेवटी वरच्यांनी कंटाळून इंजिनखोलीतल्या आकारामला रजा दिली.

तो आला, तर बापानं, नाथाजीनं, त्याला एसटी स्टँडवरच अडवलं.

"कुठं निघालास रं?"

"घरी, आबा."

"घरी? अरं, सरपंचानी हार घातलाय तुला! चावडीत फोटू लागलाय. बायकांनी ओवाळून वेशीभाईर लावून दिलंय. आता समुद्र वलांडल्याबिगर वेशीत पाय टाकायचा न्हाई."

तेव्हापासून आकाराम रजा मिळाली की सांगलीला विश्रामबागेत, मामेभावाच्या खोलीवर परदेशी राहू लागला.

दिवाळीत नाथाजीचं पोट फुगलं आणि त्याला मिरजेच्या दवाखान्यात आणलं. आकाराम सायकल मारत पोचला. खाटेभोवती गाव बसलेलं. सगळ्यांनी त्याला ओळखलं आणि सगळे खिडकीबाहेर बघू लागले. सरपंच हंबीररावांनी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं.

"गड्या, सत्काराला आमदार आणलं हुतं आमी. तू असा मिरजंत हिंडाया लागलास तर तोंड कुठं लपवायचं? कवा सुटतंय तुझं जहाज?"

"पंप..."

"पंप आमच्या मळ्यातबी बिघडतोय. सांजच्याला चालू करतो आमी!"

"आबास्नी तेवढं बघू द्या."

खाटेपाशी नर्सनं विचारलं, "हे कोण तुमचे?"

"ह्यो? असंल सांगलीचा कुणीतरी. माझा पोरगा परदेशात असतोय," नाथाजी म्हणाला. मात्र आकारामचं मनगट त्यानं जे धरलं, ते शेवटी नर्सलाच सोडवावं लागलं.

दवाखान्याच्या दारात ट्रक आला. प्रेत वर चढवलं. आकाराम चढू लागला तसे हंबीरराव आडवे आले.

"तू ऱ्हाऊ दे. अग्नी चुलतभाऊ दील. गावात तसा सांगावा धाडलाय."

आकारामची आई बनुबाई ट्रकात नवऱ्याच्या उशाशी बसली होती. ती जरा सरकली.

"बस रं आकाराम."

"आवं वैनी, गावाला काय सांगायचं?"

"सांगा, जहाज बुडालं."

हंबीरराव विचारात पडले. बुडालेल्या जहाजाचं गावाला वावडं असण्याचं कारण नव्हतं. वाचून आलेल्याचा उलट दुसरा सत्कार करता आला असता. ते बाजूला झाले.

बुडायलाही आधी सुटावं लागतं, हे आकारामच्या अगदी ओठावर आलं. पण तो वर चढला आणि बापाचे पाय मांडीवर घेऊन बसला.