मुकादमांचे ढिगाऱ्यावरचे प्रयोग

खाण बंद झाली आणि मुकादमांची जमीन त्यांना परत मिळाली, पण रिकामी नाही. कोळशाबरोबर वर्षानुवर्षं वर आलेली काळी दगडमाती घरामागे तशीच पडून होती, छपराहून उंच. सगळा मुलूख तळहातासारखा सपाट, त्यात हा एकच डोंगर, आणि तोही मुकादमांच्याच नशिबी! घरात दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. वाळत घातलेली चादर काळे ठिपके घेऊनच घरात येई. "एक तर हा ढिगारा जाईल, नाहीतर मी जाईन," असं बायकोने एकदा सोडून दहादा सांगितलं होतं.

मुकादमांचा मात्र त्या ढिगाऱ्यावर जीव. उभी हयात त्यांनी खाणीत काढली होती. कोळसा कुणाकुणाच्या भट्ट्यांत जळून गेला. त्यांच्या हाताखालून निघालेलं जगात आता उरलं होतं ते एवढंच. ते कुणीतरी उचलून खड्ड्यात टाकणार, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. म्हणून ते हट्टालाच पेटले, याचा काहीतरी उपयोग काढायचाच.

आधी त्यांनी फाटकापासून दारापर्यंत त्या मातीची पायवाट केली. एका सरीत तिचा चिखल झाला आणि मुकादमांची पावलं थेट पलंगापर्यंत उमटली. मग टोमॅटो लावले. रोपांनी आठवड्यात माना टाकल्या. मग तीच माती मळून विटा पाडल्या आणि अंगणात झोकात चूल बांधली. जन्मभर खाणीत राबलेल्या माणसाच्या एवढंही लक्षात येऊ नये, की त्या मातीत कोळशाची भुकटी आहे? लाकडं विझली, चूल जळतच राहिली. जेवायला बोलावलेले शेजारी बादल्या घेऊन धावले.

"बास झालं," बायको म्हणाली. "रविवारी जेसीबीवाला येतोय. सांगून ठेवलंय मी."

मुकादम बादलीतलं उरलंसुरलं पाणी चुलीवर ओतत राहिले.

त्याच आठवड्यात मुकादमांच्या बाईसाहेब ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पुन्हा नापास झाल्या. नजर अधू झाल्यापासून डॉक्टरांनी मुकादमांची गाडी बंद केली होती. लेकीचं तान्हं बाळ दूरच्या गावी. तिथे जायचं तर आता गाडी हिनेच चालवायला हवी. परीक्षा व्हायची जिल्ह्याच्या गावी, डोंगराळ भागात. चढावर गाडी थांबवायची आणि पुन्हा पुढे काढायची. हिची दरवेळी मागे!

"सपाटीवर शिकलेल्या बाईने चढ आणायचा कुठून?" पर्स आपटत ती म्हणाली. "बाळ रांगायला लागेल, तरी मी इथेच बसलेली असेन!"

मुकादम उठले. फावडं घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, कुठल्याशा जुन्या आगीत आतल्या आत भाजलेला आणि कधीच गार झालेला लाल दगड होता, चांगला टणक. त्यांनी ढिगाऱ्याच्या कडेने वर जाणारी वाट कापली, तिच्यावर त्या दगडाची लाल खडी पसरली, शेजाऱ्याचा रोलर आणून फिरवला. बायकोला वाटलं, ढिगाऱ्याचा निरोप घेतायत बिचारे. तिने टोकलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी तिच्या हातात गाडीची किल्ली ठेवली.

"अहो, लायसन्स कुठाय मला?"

"आपल्याच जमिनीवर कोण विचारतंय? बस."

चढाच्या मध्यावर मुकादम म्हणाले, "थांबव." तिने थांबवली. ब्रेक सोडताच गाडी मागे घसरली आणि मुकादमांनी डोळे घट्ट मिटून घेतले. पुढच्या वेळी ती बंदच पडली.

"घाई कसली? क्लच हळूहळू सोड. गाडी थरथरली की मग ब्रेक काढ."

गाडी थरथरली. लाल खडी चाकांखाली करकरली, आणि इंचभरही मागे न येता गाडी चढू लागली, ती थेट माथ्यावर! तिने हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. मुकादमांना इतका आनंद झाला, की क्षणभर ते जेसीबीला साफ विसरले.

तो फाटकात येऊन उभाच होता. "बाई, कुठून सुरुवात करू?" जेसीबीवाल्याने खालून हाक दिली.

मुकादमांचा चेहरा पडला. ती गाडीतून उतरली. आधी खाली पाहिलं, मग नवऱ्याच्या हातांवर आलेल्या फोडांकडे.

"घराच्या बाजूचं थोडं कापा, उजेड येऊ दे," ती ओरडली. "मग हे वळण जरा रुंद करून द्या. आणि बाकीच्याला हात लावाल तर याद राखा! परीक्षा होईपर्यंत मला रोज लागणार आहे हा ढिगारा."

"आणि परीक्षा झाल्यावर?" मुकादमांनी हळूच विचारलं.

"झाल्यावर बाळाला दाखवायला नको, आजोबांनी काय काय खणून काढलंय ते?"