हळदीचं रक्त

"रक्त! अहो, दगडातून रक्त येतंय!"

वुर्त्सबुर्गजवळच्या माळावर एक चिमुकली लष्करी दफनभूमी आहे. १८६६च्या यादवीत इथं जर्मनांनी जर्मनांनाच कापलं. प्रशियन आणि बवेरियन शेजारी शेजारी पुरले गेले. आज तिथं हेर्त्सोगेनआउराख गावाहून आलेली मराठी मंडळी हात जोडून उभी होती. एकजात इंजिनिअर बरं का! आणि पुण्याहून आलेले वासुदेव महाराज थडग्यांवर हळदीचं पाणी शिंपडत होते. पिवळं पाणी दगडाला लागलं की लालभडक ओघळ!

"भावानं भावाला मारलं, ते रक्त अजून ओलं आहे!" महाराज गरजले. "अशा भूमीशेजारी घर घेतलंत. आत्मे लेकरू मागणारच!"

ऊर्मिलानं लेकीला जवळ ओढलं. ते लेकरू तिचंच होतं. कुंपणापलीकडच्या वसाहतीत त्यांनी घर घेतलं आणि त्याच हिवाळ्यात सात वर्षांच्या इराला टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हापासून ना धड झोप, ना धड जेवण. सकाळी महाराजांच्या सांगण्यावरून नवऱ्यानं, देवदत्तनं, इराच्या पोटावरचा इन्सुलिन पंप काढला. "आत्म्यांना सुई चालत नाही, शुद्धी संपेपर्यंत काढा." ऊर्मिलाही हो म्हणाली होती. आता दंडावरच्या सेन्सरकडून मोबाइलवर येणारा साखरेचा आकडा चढत चढत मोजण्यापलीकडे गेला होता.

"माम्मा, मिर इस्ट श्लेख्ट," इरा पुटपुटली. मळमळतंय म्हणत होती, ओठ कोरडे पडले होते.

"देवदत्त, अरे पंप लाव! पोर उलटी करेल आता."

"हो, हो, फक्त आरती राहिलीय. ऊर्मी, डोळ्यांनी रक्त बघतेयस ना? मग?"

महाराज मंद हसले. "उलटी म्हणजे दोष बाहेर पडतोय, माउली! शंका आणू नका. शंका म्हणजे सगळं मुसळ केरात!"

ऊर्मिलाला रडू फुटलं. सेन्सर चुकत असेल, बोट टोचून बघू, म्हणून ती इराला नळाकडे घेऊन गेली. झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या तिथं साखळीला टांगल्या होत्या. पूजेत कालवलेल्या हळदीनं दोघींचे हात माखलेले. टोचण्याआधी हात स्वच्छ हवेत, म्हणून इराच्या किटमध्ये साबणाची वडी असायचीच. तिनं ती घासली मात्र, तळवे लाल झाले. रक्तासारखे लाल!

तिनं दचकून थडग्यांकडे पाहिलं. आणि मग तिला स्वतःचाच भयंकर राग आला. अगं बाई! हळदीकुंकवाच्या साडीवरचा डाग साबण लावला की लाल होतो, हे तर आपण हजारदा पाहिलंय! न्हाणीत पाहिलं की डाग आणि थडग्यावर पाहिलं की शाप?

इराला कडेवर घेऊन ती तरातरा आली. नवऱ्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर तिनं हळद फासली, वर ओला साबण घासला. छातीवर लाल भळभळ!

"हं, बोला महाराज! या कुर्त्यात कोणता सैनिक पुरलाय?"

महाराजांची बोबडी वळली. "माउली, हा... हा तर दैवी..."

"दैवी? पहाटे इथं एकटेच ध्यानाला आला होतात ना? पिशवी दाखवा!"

महाराज पिशवी छातीशी धरून मागे सरले. कुणीतरी ती हिसकावलीच. आत फवारणीची बाटली आणि धुण्याच्या सोड्याचं पाकीट निघालं. दगडांवर सोड्याचं पाणी फवारून ते वाळू दिलं होतं, बस्स! हळदीला साबणातला किंवा सोड्यातला खार लागला की ती लाल होते. मंडळींनी माना खाली घातल्या.

ऊर्मिलाला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. किटमधल्या पेननं तिनं इराला इन्सुलिन टोचलं. देवदत्त पुढे आला.

"ऊर्मी, मी... मला वाटलं..."

"नंतर रड. आधी गाडी काढ, हॉस्पिटलला चल!"

पोर वाचली. पण दोन दिवस अतिदक्षता विभागात होती, आणि डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता, तर आम्ही काही करू शकलो नसतो."

म्हणून सांगतो, बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडू नका, हात घालून बघा. हा दगड लाल का झाला, एवढं विचारा. विचारल्यानं कुठलाही देव कोपत नाही. न विचारल्यानं त्या माळावर आणखी एक लहानसं थडगं उभं राहणार होतं, आणि ते आईबापांनीच खणलेलं असतं.