टाचण्यांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूचा नव्हे, टाचण्यांचा. सुतारकाकांनी मऊ फळीवर हिरवं कापड ताणून मला चौकटीत बसवलं. शाळेच्या व्हरांड्यात मी वर्षानुवर्षं परीक्षेची वेळापत्रकं आणि हरवलेल्या डब्यांच्या सूचना अंगावर वागवल्या. टाचणी टोचली तरी मला काही वाटेनासं झालं होतं.

मग चौथीच्या नव्या बाईंनी मला वर्गात नेलं. मुलं लिहितील ते बाई जसंच्या तसं माझ्यावर लावत. कुणी मांजरीवर लिहिलं, कुणी काकूच्या घोरण्यावर. मुलं एकमेकांचं वाचून खिदळत.

कोरा असे तो फक्त ढापणीचा कागद. जाड चष्म्यामुळे तिला सगळे ढापणी म्हणत. तिचा मोठा भाऊ तापाने गेला होता. ती रडत नसे, बोलत नसे. पेन्सिल धरून नुसती बसून राही.

"मोठं काही नको," बाई तिच्याशेजारी बसत म्हणाल्या. "काल घरी काय केलंस, तेवढंच लिही."

बऱ्याच वेळाने तिने लिहिलं : 'मी दादाची चपल आत ठेवली. आई म्हनाली बाहेरच राहू दे.'

"लावू का?"

"खाली लावा. कोपऱ्यात."

मुलांनी वाकून वाचलं. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले. "बाई, उद्या पाहुणे यायचेत. दोन ओळींत दोन चुका! काढा हे."

"सर, कितीतरी दिवसांनी लिहिलंय तिने. चुका मी तिच्यासोबत बसून सुधारीन."

"मग सुधारल्यावर लावा," म्हणत त्यांनी कागद ओढला. तो फाटला. ढापणी बघत होती. तिचा चेहरा जराही हलला नाही. खरं सांगतो, मलाही काही वाटलं नाही.

मधल्या सुट्टीत ती एकटीच वर्गात थांबली. नवा कागद घेऊन तिने पानभर लिहिलं. चुका होत्याच. मग स्टूल ओढून ती वर चढली आणि तो कागद तिने स्वतःच्या हाताने माझ्या मधोमध लावला.

दुसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी," ती म्हणाली. "अजून संपलेलं नाही."

पुढे बाईंची बदली झाली. वर्गात चकचकीत फळा आला. मी आता अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. त्याचं मला फारसं काही नाही.

एवढंच करा, मित्रांनो. कुणी आपलं लिहिलेलं तुमच्यापुढे धरलं, तर लाल पेन खिशातच असू द्या. आधी शेवटपर्यंत वाचा. आणि विचारा, "मग? पुढे काय झालं?"